पोंगा वाळला म्हणजे हुमणीच का? बाभळीवरचे भुंगेरे आणि दिव्यावरचे पतंग

मास्तर_चिकोडी
नमस्कार मंडळी. चिकोडीच्या जवळ आमचं रान आहे. मध्यम काळी जमीन, विहिरीचं पाणी. एका तुकड्यात फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस, को ८६०३२. शेजारच्या तुकड्यात त्याच जातीचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेला. परवा वळीव चांगला झाला. तेव्हापासून दिवेलागणीला अंगणातल्या बल्बवर तांबूस भुंगे आदळूलालेत आणि बांधावरच्या बाभळीवर तर नुसता घोंघाट. सुरू उसात मात्र मे महिन्यापासूनच जागोजागी मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, वाळलेला दिसूलालाय. गावातले म्हणतात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी मातीतली अळी, लागली. दुकानदारानंही न बघता हुमणीचं औषध काढून दिलं, पिशवी अजून फोडलेली नाही. त्याच बल्बवर वाळल्या गवताच्या रंगाचे बारके पतंगही येतात, पण त्यांच्याकडं कोण बघत नाही. प्रश्न एवढाच की पोंगे वाळवणारा आणि बाभळीवरचा एकच का? शाळेत भूगोल शिकवतो, किडींची माहिती बेताचीच.

दूधगंगाकाठ
मास्तर, पिशवी फोडू नका. दोघं वेगळे आहेत, आणि दोघांची वेळही वेगळी आहे.

बाभळीवरचे भुंगेरे म्हणजे हुमणीचे आईबाप. ते ऊस खात नाहीत. बाभूळ, कडुनिंब, बोर यांचा पाला खातात, तिथंच जोड्या लागतात आणि उजाडायच्या आत परत मातीत जातात. मादी मातीतच अंडी घालते. अंडी फुटायला साधारण दीड-दोन आठवडे. नवी निघालेली हुमणी बारकी असते, कुजलेला पालापाचोळा आणि तंतुमुळं यांवर जगते. दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेत गेली की मग मुळं तोडायला लागते. म्हणजे श्रावण-भाद्रपदात. तुमचा पोंगा वाळला मे महिन्यात. तेव्हा यंदाच्या हुमणीचं अंडंसुद्धा मातीत नव्हतं. गेल्या सालच्या हुमणीनं पावसाळा सरल्यावर कोष केला, तिचा भुंगेरा झाला आणि तो वळवाची वाट बघत जमिनीत उपाशी पडून राहिला. तोच आता तुमच्या बल्बवर आदळतोय.

मे महिन्यात पोंगा वाळवते ती खोडकीड. ती तुमच्या त्या बारक्या पतंगाची अळी. खात्री करायची तर वाळलेला पोंगा धरून ओढा. अलगद हातात आला आणि बुडाला आंबूस कुजका वास आला, की समजा खोडकीड. अशा बेटाची बाहेरची पानं हिरवी असतात, बेटही जमिनीत घट्ट असतं. हुमणीत उलट होतं. अख्खं बेट पिवळं पडतं, मग वाळतं आणि धरून हिसडा दिला की सगळंच्या सगळं हातात येतं. खाली मुळ्याच नसतात.

तंबाखूवाला_निपाणी
एवढं कशाला बघत बसायचं? ऊस वाळला, औषध टाकलं, विषय संपला. मेलं तर दोन्ही मेलं. आमच्याकडं असंच करत्यात.

दूधगंगाकाठ
पावणं, ते मरत नाही हाच घोळ आहे. जूनच्या सुरुवातीला हुमणीचं औषध टाकून मारणार कुणाला? तिथं हुमणीच नाही. आणि भाद्रपदात बेटं पिवळी दिसल्यावर धावाल तर ती जाडजूड झालेली, मुळाखाली खोल गेलेली. वर उसाचं रान इतकं दाटलेलं की आत माणूस शिरत नाही. औषध लागू पडायचे दिवस म्हणजे अंडी फुटल्यापासून ती बारकी असेपर्यंतचे काही आठवडे, तेही जमिनीत ओल असेल तरच. पिशवीवर ऊस आणि हुमणी ही दोन्ही नावं छापली आहेत का, ते आधी वाचावं.

कीटकवेडा_बेळगाव
या दोन किडी शेजारी ठेवून बघितल्या तर गोंधळ राहत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर वगळा.

चिकोडी-हुक्केरीच्या माळरानात कडुनिंब-बाभळीवर जमणारा भुंगेरा बहुतेक होलोट्रिकिया सेराटा. लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास, रंग तांबूस तपकिरी. त्याचे पुढचे पंख टणक कवच झालेत, उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. खोडकिडीचा पतंग म्हणजे कायलो इन्फुस्काटेलस. त्याच्या पंखांवर खवले असतात, चिमटीत धरला की बोटाला भुकटी लागते. रंग वाळल्या गवताचा, पुढच्या पंखाच्या कडेला बारीक काळे ठिपके.

तोंडात मोठा फरक आहे. भुंगेऱ्याला लहानपणीही जबडे आणि मोठेपणीही जबडे, म्हणून तो खाली मुळं खातो आणि वर पाला खातो. पतंगाला चावायला जबडाच नाही. त्याचं जे काही नुकसान आहे ते अळीच्या वयात.

अळ्यांत चुकायला जागाच नाही. हुमणी पांढरी, जाड, मातीत अर्धगोल वळून पडलेली, डोकं तपकिरी आणि पाय फक्त तीन जोड्या, तेही छातीला. खोडकिडीची अळी मळकट पांढरी, सडपातळ, पाठीवर डोक्यापासून शेपटापर्यंत पाच जांभळट रेघा. छातीच्या पायांशिवाय पोटालाही आखूड मांसल पाय असतात, त्यांच्या जोरावर ती कोंबाच्या आत वर-खाली करते.

आणि अंडी. भुंगेरी एकेक अंडं सुटं, मातीच्या गोळीत घालते. पतंग पानाच्या खालच्या बाजूला तीन ते पाच ओळींत, कौलांसारखी एकावर एक चढलेली अंडी घालतो. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण पुढचे निम्मे उपाय यावरून ठरतात. पानावरच्या अंड्याला ट्रायकोग्रामा ही बारीकशी गांधीलमाशी शोधून काढते आणि त्यातच आपलं अंडं घालते. मातीतल्या अंड्यापर्यंत ती पोहोचत नाही. त्यामुळे हुमणीसाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे या माश्या सोडायचं कार्ड, लावणं म्हणजे पैसे बांधावर ठेवून येणं.

पिढ्यांचा हिशेबही बघा. भुंगेऱ्याची वर्षाला एक पिढी. खोडकिडीचं अंड्यापासून पतंगापर्यंत पाच-सहा आठवड्यांत उरकतं, म्हणजे लावणीपासून पावसापर्यंत दोन-तीन पिढ्या सहज.

अक्का_हुक्केरी
कीटकवेडा भाऊ, छान सांगितलंत. माझ्याकडं उकिरड्यात असल्याच पांढऱ्या जाड अळ्या निघतात, बोटापेक्षा मोठ्या. शेणखत टाकलं म्हणून हुमणी वाढली असं घरातले म्हणतात. खरं का?

कीटकवेडा_बेळगाव
अक्का, अंगठ्याएवढ्या असतील तर त्या बहुतेक गेंडा भुंग्याच्या. तो नारळाचा शत्रू, उसाच्या मुळांचा नाही. थोड्या लहान असतील तर एक परीक्षा करा. अळी सपाट फरशीवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली तर ती फुलभुंग्याची अळी, कुजलेलं खाऊन खत करणारी. तिला सोडून द्या. हुमणी पाठीवर चालत नाही. पण न कुजलेल्या शेणखताबरोबर खरी हुमणी आणि तिची अंडी रानात जाऊ शकतात, त्यामुळे कच्चं शेणखत टाकू नये हे घरच्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

खानापूरकर
आमच्याकडं ऊस कमी, भात जास्त. पण मास्तरांचा पोंगा वाचून ओळखीचं वाटलं. भाताला फुटवे येताना मधली सुरळी वाळते आणि नंतर लोंबी पांढरी पडून पोचट राहते, तो पण पतंगच. पिवळा, मादीच्या पुढच्या पंखावर एकेक काळा ठिपका. म्हणजे पोंगा ओढून बघायची युक्ती भातालाही चालते. बाकी जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात वितीएवढ्या पंखांचा अॅटलास पतंग दिसतो, त्याला मोठेपणी खायला तोंडच नाही, आठवडाभर जगतो नि मरतो. त्याचा ह्या विषयाशी संबंध नाही, पण पतंगांचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

मास्तर_चिकोडी
सगळ्यांचे आभार. आज सकाळी पोंगे ओढले. सहज निघाले, वासही आला. एक कोंब उभा चिरला तर आत जांभळ्या रेघांची अळी. दोन ठिकाणी मात्र अळी नव्हती, नुसतं भोक होतं. एका बेटाचा प्रकार वेगळाच वाटला, बाहेरची पानं आधी वाळलेली आणि कांडीत माती भरलेली. आता खोडकिडीला काय फवारू?

दूधगंगाकाठ
माती भरलेलं ते वाळवीचं काम, तो तिसराच पाहुणा. भोक आहे आणि अळी नाही म्हणजे आत कोष होऊन पतंग उडून गेला.

फवारू नका, असं माझं स्पष्ट मत. खोडकीड ही कोवळ्या उसाची कीड. उगवणीपासून तीन-साडेतीन महिने तिचा जोर, तोही कडक ऊन आणि कोरडी हवा असेपर्यंत. तुमचा ऊस चार महिन्यांचा झाला, कांडी धरायला लागला, पाऊस तोंडावर आहे. ती आता आपोआप मागं हटते. शिवाय आधी मेलेल्या कोंबाच्या जागी उसानं बाजूचे फुटवे काढलेले असणार, बेटं मोजून बघा. फक्त वाळलेले कोंब जमिनीलगत विळ्यानं कापून बाहेर काढा. नुसता पोंगा उपटला तर अळी खालीच राहते आणि शेजारच्या कोंबात शिरते.

जे करायचं ते पुढच्या लावणीला करा. सुरूची लागण जानेवारीच्या पुढं ढकलू नका, उशिरा लावलेला ऊस नेमका उन्हाळ्यात कोवळा सापडतो. सरीत पाचट पसरा, पाण्याच्या पाळ्या चुकवू नका, दीड महिन्यानं बाळबांधणी करून कोंबाच्या बुडाला माती लावा. अळी जमिनीलगत भोक पाडून आत शिरते, माती चढली की तिची वाट बंद होते.

तंबाखूवाला_निपाणी
म्हणजे एका किडीला काही करू नका आणि दुसरीला औषध टाकू नका. मग करायचं काय, भजन?

दूधगंगाकाठ
भजन नको, बॅटरी घेऊन बाभळीखाली जा. आज रात्रीच. मास्तरांचा पैसा आणि कष्ट दोन्ही आता भुंगेऱ्याकडं वळायला पाहिजेत. मेलेल्या कोंबाची भरपाई ऊस फुटव्यातून करतो. हुमणीनं मुळं खाल्लेलं बेट भाद्रपदात परत उभं राहत नाही, त्याला फुटवा धरायला वेळही नसतो आणि मूळही नसतं. तो बेटाचा तोटा थेट टनाला लागतो.

अक्का_हुक्केरी
हे आम्ही करतो, म्हणून सांगते. पहिला जोराचा वळीव झाला की त्याच संध्याकाळपासून. अंधार पडताना भुंगेरे जमिनीतून निघतात, आधी जोड्या लागतात, मग खायला बसतात. तासाभरानं जावं, तेव्हा ते बसलेले असतात. खाली जुनी ताडपत्री नाहीतर साड्या पसरायच्या, लांब बांबूला आकडा लावून फांदी हलवायची. टपाटप पडतात. मग गोळा करून रॉकेलच्या पाण्यात. पोरांना मजा वाटते, पण बाभळीचे काटे असतात, पायात चपला घालायला लावा.

एक दिवस करून थांबलं तर उपयोग नाही. वळीव झाला की परत नवे निघतात. आणि आमच्या एकट्याच्या झाडावर करून काय होतंय? शेजारच्या बांधावरचे तसेच. आमच्या गल्लीतल्या बायकांनी मिळून ठरवलं तेव्हाच फरक पडला. पुरुष मंडळी ग्रामपंचायतीत चर्चा करत होती तोवर.

सदलगा_वाला
आमच्या भावकीत एकानं वैतागून बांधावरच्या सगळ्या बाभळी तोडल्या. झाड नाही तर भुंगेरा नाही म्हणे.

अक्का_हुक्केरी
मग गेले की ते शेजाऱ्याच्या कडुनिंबावर! परत अंडी घालायला ह्यांच्याच उसात. झाड ठेवलं तर निदान सगळे एका जागी सापडतात. सावली गेली ती वेगळीच.

तंबाखूवाला_निपाणी
झाडावर औषध मारलं तर? एका फवाऱ्यात काम होतंय. रात्री साड्या पसरत कोण बसणार.

कीटकवेडा_बेळगाव
तसं मारतात, पाला खाऊन भुंगेरे मरतातही. पण त्याच बाभळीचा पाला-शेंगा धनगरांच्या शेळ्या खातात आणि फुलं असतील तर मधमाश्या येतात. फवारलंच तर झाडाखाली जनावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी लागेल, आणि पावसानं धुऊन गेलं की परत. मला तरी साडी बरी वाटते.

प्रकाश सापळ्याबद्दलही एक सांगतो. त्यावर भुंगेरेही येतात आणि पतंगही, म्हणून लोक तो रात्रभर पेटवून ठेवतात. तसं करू नका. भुंगेऱ्यांची धावपळ रात्रीच्या पहिल्या प्रहरातली. साधारण सात ते दहा चालू ठेवून बंद करावा, नाहीतर मित्रकीटकही त्यात पडतात.

नदीकाठच्यांसाठी वेगळी सूचना. कृष्णा-पंचगंगा खोऱ्यात काठाच्या जमिनीत दुसरी हुमणी सापडते, ल्यूकोफोलिस लेपिडोफोरा. तिचे भुंगेरे बाभळी-कडुनिंबावर अशी गर्दी करत नाहीत. त्यामुळे सदलग्याच्या बाजूला झाडं रिकामी दिसली तर निर्धास्त राहू नका, माती खणून बघा.

सदलगा_वाला
हे माहीत नव्हतं. आमच्यात झाडावर काही नसतं आणि गणपतीनंतर बेटं पिवळी. म्हणून आम्ही खतच कमी पडलं समजून युरिया टाकतो.

दूधगंगाकाठ
युरियानं मुळं परत येत नाहीत. कावळे-बगळे नांगरामागं का फिरतात ते बघा, तुमचं उत्तर तिथंच आहे. ऊस काढल्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट करा, पडून राहिलेले भुंगेरे उघडे पडतात आणि पाखरं वेचतात. खोडवा ठेवला की ही नांगरट होत नाही, म्हणून मास्तरांच्या खोडव्यातून जास्त भुंगेरे निघत असतील. जिथं हुमणी जास्त, तिथं खोडव्याचा हट्ट सोडावा. आणि फेरपालट म्हणून भुईमूग-सोयाबीन लावून निवांत बसू नये, त्यांचीही मुळं ती खाते.

मास्तर_चिकोडी
आज संध्याकाळी खोडव्याच्या कडेला उभा राहिलो तर भुंगेरे जमिनीतूनच उठताना दिसले. तुमचं बरोबर आहे. मेटारायझियम बुरशीचं नाव वाचलं, ती दोघांवर चालते का?

कीटकवेडा_बेळगाव
तुमच्या कामाची ती हुमणीसाठी. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पाऊस सुरू झाल्यावर, ओल्या मातीत, मुळाजवळ. कोरड्या तापलेल्या रानात टाकाल तर बुरशीच मरते. सोबत बुरशीनाशक ओतू नका, असं करणारेही बघितलेत. बुरशीनं मेलेली हुमणी कडक होते आणि तिच्यावर हिरवी पूड येते. दुसरा पर्याय हुमणीत शिरणाऱ्या सूत्रकृमींचा, हेटेरोऱ्हॅबडायटिस. त्यानं मेलेली विटकरी लाल दिसते. दोन्ही सावकाश काम करतात, आठवड्यात निकाल मागू नका. कोंबाच्या आत बसलेल्या खोडकिडीपर्यंत मातीतलं हे काही पोहोचत नाही.

खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड, पण तेही पुढच्या हंगामात, अंडी पडायला लागताना, म्हणजे ऊस महिना-दीड महिन्याचा असल्यापासून आठवड्या-दोन आठवड्यांनी. गंमत बघा, त्या गांधीलमाश्या प्रयोगशाळेत वाढवतात त्या तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर. म्हणजे पतंगाच्या अंड्यांवर पोसून पतंगाचीच अंडी खायला सोडायची. कार्डावरची तारीख बघून, सकाळी किंवा संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचायचं आणि त्या आठवड्यात फवारणी नाही.

अक्का_हुक्केरी
कार्ड मिळतात कुठं?

दूधगंगाकाठ
आधी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा. तिथं कन्नडमध्ये 'गोण्णे हुळ' म्हटलं की हुमणी लगेच कळते, खोडकिडीला मात्र वाळलेला कोंबच हातात घेऊन जा, बोलण्यात वेळ जात नाही. संकेश्वरला धारवाड कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे, हुक्केरीकरांना तर जवळच. बऱ्याच साखर कारखान्यांचा ऊस विकास विभागही कार्ड आणि मेटारायझियम देतो, तुम्ही ज्यांना ऊस घालता तिथल्या चिटबॉयला, म्हणजे उसाची नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, गाठा. औषधाचं प्रमाण मी इथं मुद्दाम लिहीत नाही, ते तिथूनच घ्या.

तंबाखूवाला_निपाणी
आमचं रान कोगनोळीच्या पुढं, बांधापलीकडं महाराष्ट्र. तिकडचे पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा सल्ला वाचतात, इकडचे धारवाडचा. तिकडच्यांनी भुंगेरे गोळा केले नाहीत तर आमच्या साड्या पसरून उपयोग काय? भुंगेऱ्याला नाक्यावर कोण अडवणार?

दूधगंगाकाठ
दोन्हीकडचा सल्ला ह्या बाबतीत एकच आहे, पावणं. पहिल्या वळवाला झाडं हलवा. पलीकडच्या बांधवाला आज फोन लावा आणि एकाच रात्री दोघं उतरा. खोडकिडीचं तुमचं तुम्ही बघितलं तर चालतं, बाळबांधणी आणि पाचट आपल्या सरीत होतंय. भुंगेरा बांध मानत नाही.

तंबाखूवाला_निपाणी
बघतो. पलीकडचा आमचा साडूच आहे, तीच तर अडचण.

मास्तर_चिकोडी
आमच्या वाडीतली सहा-सात घरं तयार झालीत, उद्या रात्रीपासून. शाळेतली मोठी पोरं पण येतो म्हणाली. अक्का, एक अडचण आहे. रॉकेल आता मिळत नाही.

अक्का_हुक्केरी
कपड्याचा साबण विरघळवून दाट पाणी करा. बादली खोल घ्या, पसरट घमेलं नको, त्यातून चढून बाहेर येतात. वर झाकण ठेवा आणि सकाळी मेलेत का बघूनच खड्ड्यात पुरा. साड्या सुती घ्या, नायलॉनवर त्यांचे पाय अडकतात नि सोडवता सोडवता रात्र जाते.